नेपाळच्या डोंगरांतील आपले देणे

(एका व्याख्यानमालेत झालेल्या भाषणाचे शब्दांकन)



संयोजकांनी मला विषय दिला तो 'शेजारी राष्ट्रांना भारताचे साहाय्य' असा. विषय मोठा आणि वेळ तासाभराचा. भूतान, श्रीलंका, मालदीव अशी प्रदक्षिणा घालून शेवटी हाती काहीच न लागण्यापेक्षा एकाच देशाविषयी, आणि त्यातही तेथील एका विशिष्ट वर्गाविषयी बोलावे असे मी ठरविले. देश नेपाळ आणि वर्ग भारतीय सैन्यातून निवृत्त होऊन तेथे राहणाऱ्या गोरखा सैनिकांचा.

आपल्याकडे 'गुरखा' हा शब्द उच्चारला की डोळ्यांसमोर काय येते? रात्री शिट्टी वाजवीत, रस्त्यावर काठी आपटीत फिरणारा पहारेकरी. महिन्याच्या पहिल्या आठवड्यात दारावर येऊन ठरलेले पैसे नेणारा. त्याचे नाव काय, गाव कोणते, हे आपण विचारीत नाही. सर्वांना सरसकट 'बहादूर' म्हणून मोकळे होतो. आमच्या वसाहतीतही असा एक होता. काही वर्षांपूर्वी एका सकाळी तो दारात येऊन उभा राहिला. हातात प्लास्टिकच्या पिशवीत जपून ठेवलेले कागद. म्हणाला, "साहेब, हे इंग्रजीत आहे. वाचून सांगता का?"

कागद वाचू लागलो तेव्हा मी चकित झालो. त्याचे वडील भारतीय सैन्याच्या गोरखा पलटणीत सतरा वर्षे सेवा करून निवृत्त झालेले होते आणि काही महिन्यांपूर्वी गावी वारले होते. आईला मिळावयाचे कुटुंब-निवृत्तिवेतन अडले होते. कारण असे की, पलटणीच्या दप्तरात तिचे नाव 'कान्छी' असे नोंदलेले, तर नेपाळच्या नागरिकत्वाच्या दाखल्यावर तिचे पाळण्यातले नाव. कान्छी म्हणजे धाकटी. नेपाळी घरांत थोरली, मधली, धाकटी अशाच हाका मारतात. लग्नाची नोंद करताना त्या साध्या शिपायाने घरात जे नाव चालते ते सांगितले आणि कारकुनाने ते लिहून घेतले. आता ती कान्छी आणि ही बाई एकच, हे कोणी कोणाला पटवून द्यायचे?

त्या दिवसापर्यंत नेपाळ आणि भारत यांचे संबंध म्हणजे करार, धरणे, सीमावाद आणि पशुपतिनाथ एवढीच माझी समजूत होती. आपल्या सैनिकाचा मुलगा आमच्याच सायकली आणि स्कूटरी राखतो आहे आणि मला त्याचा पत्ता नाही, ही जाणीव काही सुखाची नव्हती. तेव्हापासून या विषयाचा जमेल तसा अभ्यास करीत आलो. त्यातून जे हाती लागले ते आज आपल्यापुढे ठेवतो.

गोरखा हे नाव गोरखनाथांवरून आले. ज्ञानेश्वर माउलींनी आपली गुरुपरंपरा सांगताना ज्या गोरक्षनाथांचे नाव घेतले, तेच हे. नेपाळचे एकीकरण करणारे पृथ्वीनारायण शाह ज्या लहानशा राज्याचे अधिपती होते, ते गोरखा. आजही त्या नावाचा जिल्हा काठमांडूच्या पश्चिमेस आहे. १८१४ ते १८१६ या काळात इंग्रजांशी गोरख्यांचे युद्ध झाले. देहरादूनजवळच्या नालापानीच्या किल्ल्यावर बलभद्र कुंवर यांनी मूठभर लोकांनिशी इंग्रजांना असे झुंजविले की शत्रूनेही त्यांचा गौरव केला. पुढे हेच बलभद्र महाराजा रणजितसिंहांच्या सैन्यात गेले आणि १८२३ मध्ये नौशेराच्या रणांगणावर अफगाणांशी लढताना धारातीर्थी पडले. परमुलुखात जाऊन सैनिकी पेशा करणाऱ्याला नेपाळीत आजही 'लाहुरे' म्हणतात. लाहोरला जातो तो लाहुरे. लाहोर दरबार संपला, इंग्रज आले आणि गेले, पण शब्द तोच राहिला.

इंग्रजांनी युद्ध संपण्याची वाटही पाहिली नाही; एप्रिल १८१५ मध्येच गोरख्यांच्या पहिल्या पलटणी उभ्या केल्या. येथे एक अप्रिय गोष्टही सांगितली पाहिजे. १८५७ च्या स्वातंत्र्यसमरात नेपाळच्या जंगबहादुर राणांनी इंग्रजांची बाजू घेतली आणि त्यांचे सैन्य लखनौवर चालून गेले. त्याच काळात नानासाहेब पेशवे आश्रयासाठी नेपाळच्या तराईत शिरले, हा इतिहासाचा दुसरा पैलू. जालियनवाला बागेत ज्यांना गोळ्या झाडण्याचा हुकूम मिळाला, त्यांतही गोरखा शिपाई होते. म्हणूनच स्वातंत्र्याच्या उंबरठ्यावर आपल्याकडील अनेकांना प्रश्न पडला होता, की या पलटणी ठेवायच्या कशासाठी? शिपाई हुकमाचा ताबेदार असतो. हुकूम देणारा बदलला की त्याच बंदुकीचा अर्थ बदलतो, हे आपल्या तत्कालीन धुरीणांनी ओळखले याबद्दल त्यांना श्रेय दिलेच पाहिजे.

९ नोव्हेंबर १९४७ रोजी काठमांडूत भारत, ब्रिटन आणि नेपाळ यांच्यात त्रिपक्षीय करार झाला. दहा गोरखा रेजिमेंटांपैकी सहा भारताकडे आणि चार ब्रिटनकडे अशी वाटणी ठरली. ब्रिटनच्या वाट्याला गेलेल्या पलटणींतील पुष्कळ जवानांनी साहेबाबरोबर जाण्यास नकार दिला आणि भारत निवडला. त्यांच्यासाठी १९४८ च्या आरंभी अकरावी गोरखा रायफल्स नव्याने उभी करावी लागली. नेपाळच्या बाजूने या वाटाघाटींत एक आग्रह धरण्यात आला होता: आमच्या मुलांवरील 'भाडोत्री सैनिक' हा कलंक पुसला गेला पाहिजे, त्यांना इतर सैनिकांच्या बरोबरीची वागणूक मिळाली पाहिजे. माझ्या मते साऱ्या कराराचा प्राण या एका आग्रहात आहे.

त्यानंतरचा पराक्रम आपण जाणता. १९६१ मध्ये काँगोत गोरखा जवानांचे नेतृत्व करताना कॅप्टन गुरबचनसिंग सलारिया यांनी प्राण दिला. १९६२ मध्ये पँगाँग सरोवराच्या काठी सिरीजापच्या ठाण्यावर मेजर धनसिंग थापा लढले. कारगिलच्या युद्धात खालुबारच्या उतारावर लेफ्टनंट मनोजकुमार पांडे यांनी अकराव्या गोरखा रायफल्सच्या जवानांसह शत्रूचे मोर्चे उद्ध्वस्त केले. तिघांनाही परमवीरचक्र मिळाले. पण आज मला पदकांविषयी बोलायचे नाही. पदक मिळविणारा आणि न मिळविणारा, दोघेही पस्तिशी-चाळिशीत घरी परततात, पुढे तीस-चाळीस वर्षे जगतात आणि त्यांच्यामागे त्यांची पत्नी जगते. आजचा विषय त्या पुढच्या वर्षांचा आहे.

भारताच्या सैन्यात सेवा करून नेपाळात परतलेल्या निवृत्तिवेतनधारकांची संख्या सव्वा लाखाच्या आसपास आहे. त्यांच्यासाठी काठमांडूच्या भारतीय दूतावासातील संरक्षण शाखेच्या अधीन काठमांडू, पोखरा आणि धरान येथे निवृत्तिवेतनाची कार्यालये आहेत आणि डोंगरी जिल्ह्यांतून बावीस जिल्हा सैनिक मंडळे आहेत. एखाद्या देशाच्या दूतावासाने दुसऱ्या देशाच्या जिल्ह्या-जिल्ह्यांत एवढा पसारा सांभाळणे, ही जगात विरळा आढळणारी गोष्ट आहे. गुल्मी किंवा लमजुंगच्या शिपायाला मिळणारे निवृत्तिवेतन हे साताऱ्याच्या मराठा जवानाच्या निवृत्तिवेतनाच्याच नियमांनी ठरते. दर्जा तोच, सेवेची वर्षे तीच, तर रक्कमही तीच. वेतन आयोग आला की पोखऱ्यातला सुभेदार आपल्यासारखाच वर्तमानपत्र उघडून बसतो. भारतीय शंभर रुपयांचे नेपाळी एकशे साठ हा दर १९९३ पासून स्थिर आहे, त्यामुळे आपल्या घरी महिन्याला नेमके किती येणार, हे डोंगरातल्या म्हातारीलाही तोंडपाठ असते.

याच ठिकाणी ब्रिटनचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. त्यांनी गोरख्यांची निवृत्तिवेतने कित्येक दशके आपल्या गोऱ्या सैनिकांच्या तुलनेत अगदी तुटपुंजी ठेवली. १९९७ पूर्वी निवृत्त झालेल्यांना तर बरोबरीचा हक्क नाकारण्यात आला. २००९ मध्ये मोठी जनचळवळ झाली तेव्हा कोठे त्या जुन्या सैनिकांना ब्रिटनमध्ये वास्तव्याचा अधिकार मिळाला आणि २०२१ मध्ये निवृत्तिवेतनाच्या प्रश्नावर वृद्ध गोरखा सैनिकांना लंडनमध्ये पंतप्रधानांच्या निवासस्थानासमोर उपोषणाला बसावे लागले. श्रीमंत साम्राज्याने जे दिले नाही ते दरिद्री म्हणविल्या जाणाऱ्या भारताने पहिल्यापासून दिले. याचा आपल्याला अभिमान वाटलाच पाहिजे.

आता साहाय्याकडे वळतो. नेपाळला भारताने दिलेल्या मदतीची यादी लांब आहे. काठमांडूला तराईशी जोडणारा पहिला मोटाररस्ता, त्रिभुवन राजपथ, पन्नासच्या दशकात आपल्या सैन्याच्या अभियंत्यांनी डोंगर फोडून बांधला. धरानचे बी. पी. कोइराला आरोग्यविज्ञान संस्थान भारताच्या साहाय्याने उभे राहिले, आणि ते जेथे उभे आहे ती जागा म्हणजे ब्रिटिशांनी सोडलेली त्यांची गोरखा छावणी. ज्या आवारात एकेकाळी इंग्रज पोरांच्या छात्या मोजीत असे, तेथे आज नेपाळी मुले डॉक्टर होतात. मला हा बदल फार बोलका वाटतो. २०१९ मध्ये मोतिहारी ते अमलेखगंज ही तेलवाहिनी सुरू झाली, २०२२ मध्ये जयनगर ते कुर्था रेल्वे धावू लागली. शिवाय शाळा, दवाखाने, पूल असे लहान प्रकल्प शेकड्यांनी आहेत.

परंतु या साहाय्याचे नशीब नेहमी राजकारणाशी बांधलेले असते. महाकाली करार १९९६ मध्ये झाला. त्यातले पंचेश्वर धरण अजून कागदावरच आहे. २५ एप्रिल २०१५ चा भूकंप घ्या. पहिल्या काही तासांतच आपली विमाने काठमांडूत उतरली. 'ऑपरेशन मैत्री' हे त्याचे नाव. पुढे भारताने पुनर्बांधणीसाठी एक अब्ज डॉलर जाहीर केले, त्यांपैकी पाव भाग अनुदान आणि उरलेले सवलतीचे कर्ज. गोरखा आणि नुवाकोट या दोन जिल्ह्यांत पन्नास हजार घरे उभी करण्यास आर्थिक आधार दिला. त्या भूकंपाचा केंद्रबिंदू बारपाक या गावाजवळ होता. बारपाक म्हणजे गजे घले यांचे गाव. दुसऱ्या महायुद्धात, १९४३ मध्ये, चिन टेकड्यांत त्यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळविला आणि १९४७ नंतर भारतीय सैन्यात राहणेच पसंत केले. त्या गावात मदत घेऊन जाणे ही आपल्या दृष्टीने परक्याला केलेली मदत नव्हतीच.

आणि त्याच वर्षी काय झाले? सप्टेंबरमध्ये नेपाळची नवी राज्यघटना आली, तराईत मधेशी समाजाचे आंदोलन पेटले आणि सीमेवरील वाहतूक महिनोन्‌महिने खोळंबली. ही नाकाबंदी भारताने केलेली नाही, आंदोलकांनी केली आहे, असे आपले सरकार सांगत होते. पण ज्या घरात नुकतीच भिंत कोसळली आहे आणि आता गॅसही नाही, त्या घराने हा खुलासा ऐकून घेतला नाही. एप्रिलमध्ये मिळविलेली माया हिवाळ्यापर्यंत आटली. पुढच्या वर्षी आपली नोटाबंदी झाली. नेपाळात भारतीय नोटा लोकांच्या घरोघरी होत्या आणि त्यांत अर्थातच लाहुऱ्यांची घरेही होती. त्या नोटा बदलून देण्याविषयी बैठका झाल्या, निर्णय झाला नाही. रकमेच्या मानाने प्रश्न किरकोळ होता, परंतु त्या नोटांकडे पाहून माजी सैनिकाला काय वाटले असेल याचा विचार दिल्लीत कोणी केला असेल असे वाटत नाही.

या सर्व वादळांत अखंड चालू राहिली ती एकच गोष्ट. माओवाद्यांनी १९९६ मध्ये ज्या चाळीस मागण्या केल्या होत्या त्यांत गोरखा भरती बंद करण्याची मागणीही होती. पुढे तेच सत्तेवर आले, राजेशाही गेली, कालापानी-लिपुलेखवरून नकाशांचा वाद झाला. निवृत्तिवेतन मात्र चुकले नाही. याचे कारण साधे आहे. रस्ता, धरण, तेलवाहिनी ही मदत आहे; द्यायची की नाही, किती द्यायची, कधी द्यायची, हे सरकार ठरवते. निवृत्तिवेतन हे देणे आहे. त्यात उपकार नाही आणि म्हणून त्यात अपमानही नाही. नेपाळातील कोणताही पक्ष भारताच्या मदतीला 'हस्तक्षेप' म्हणू शकतो, पण आपल्या गावातल्या म्हाताऱ्याला त्याने बर्फात उभे राहून मिळविलेले पैसे नाकार, असे तो सांगू शकत नाही.

असे हे नाते आज तुटण्याच्या वाटेवर आहे आणि त्यासाठीच मी हा विषय निवडला.

महामारीमुळे २०२० पासून नेपाळातील भरती थांबली होती. जून २०२२ मध्ये आपल्याकडे अग्निपथ योजना आली. चार वर्षांची सेवा, त्यानंतर पंचवीस टक्के जवान कायम आणि उरलेल्यांना एकरकमी सेवानिधी; निवृत्तिवेतन नाही. त्या ऑगस्टच्या अखेरीस बुटवल येथे भरतीमेळावा व्हायचा होता. नेपाळ सरकारने कळविले की, ही पद्धत १९४७ च्या करारात बसत नाही, आम्हाला सर्व पक्षांशी बोलावे लागेल, तोवर भरती थांबवावी. सप्टेंबरमध्ये आपले सेनाप्रमुख जनरल मनोज पांडे काठमांडूला गेले. १९५० पासूनच्या परंपरेप्रमाणे नेपाळच्या राष्ट्रपतींनी त्यांना मानद जनरल केले. सन्मान झाला, भरती झाली नाही. त्यानंतर देउबा गेले, प्रचंड आले, ओली आले, आणि सप्टेंबर २०२५ मध्ये तरुणांच्या उठावात त्यांचेही सरकार कोसळले. या साऱ्या काळात भरती सुरू झाली नाही.

अग्निपथ योजनेच्या गुणदोषांत मी आज शिरत नाही. सैन्याचे सरासरी वय कमी करावे, निवृत्तिवेतनाचा वाढता भार आवरावा, ही सरकारची कारणे निराधार नाहीत. परंतु देशातल्या तरुणाला चार वर्षांनी परत आल्यावर पोलीस दल, निमलष्करी दल, राज्य सरकारच्या नोकऱ्या अशी दारे काही प्रमाणात तरी उघडी आहेत. नेपाळच्या डोंगरातल्या बावीस-तेवीस वर्षांच्या मुलाला यांपैकी कोणते दार उघडे आहे? शस्त्र चालविण्याचे शिक्षण घेतलेला आणि काम नसलेला तरुण गावात परतणार, ही नेपाळच्या सरकारची भीती मला अनाठायी वाटत नाही. ती भारतद्वेषातून आली आहे असे म्हणणे सोपे आहे, खरे नाही.

थोडा हिशेब करा. २०१९ च्या सुमारास भरती झालेला शेवटचा नेपाळी शिपाई साधारणतः २०३५ च्या आसपास निवृत्त होईल. त्यानंतर पोखरा आणि धरानच्या कार्यालयांत नवे नाव चढणार नाही. जुनी नावे एकेक करून गळत जातील. एका पिढीनंतर गोरखा जिल्ह्यातल्या घरात भारतीय सैन्याची आठवण भिंतीवरच्या फोटोपुरती उरेल. त्या घरातला नातू कोठे जाईल? कतार, मलेशिया, सौदी अरेबिया. नेपाळच्या राष्ट्रीय उत्पन्नाच्या सुमारे चौथ्या हिश्श्याइतका पैसा परदेशी गेलेले नेपाळी पाठवितात. आणि काही जण आणखी वाईट वाटेने जातील. २०२३ मध्ये नेपाळी तरुण रशियाच्या सैन्यात शिरून युक्रेनच्या खंदकांत मरत असल्याचे उघड झाले. जानेवारी २०२४ मध्ये नेपाळ सरकारला या दोन्ही देशांत कामासाठी जाण्यावर बंदी घालावी लागली. आपली भरती थांबल्यामुळेच हे झाले असे मी म्हणणार नाही. पण १९४७ मध्ये नेपाळला नको असलेला 'भाडोत्री' हा शब्द पुन्हा त्याच डोंगरातल्या पोरांना चिकटला, हे पाहून वेदना होतात. चीनविषयी तर बोलायलाच नको. आपण रिकामी केलेली जागा फार दिवस रिकामी राहत नाही, हा अनुभव नेपाळात आपण अनेकदा घेतला आहे.

मग करावे काय? नेपाळी गोरख्यांची भरती त्रिपक्षीय कराराच्या आधाराने होते, देशांतर्गत कायद्याच्या नव्हे. म्हणून त्यांच्यासाठी सेवेची वेगळी मुदत किंवा कायम होणाऱ्यांचे वेगळे प्रमाण ठरविणे अशक्य आहे असे मला वाटत नाही. देशातील जवानांना एक न्याय आणि नेपाळींना दुसरा, असा आक्षेप येईल, आणि तो हलकाही नाही. तरीही काठमांडूशी चर्चेला बसताना हातात काही पर्याय असावा, नुसती योजना समजावून सांगणे पुरेसे नाही.

भरतीचा प्रश्न सुटो वा न सुटो, जे आज हयात आहेत त्यांचे काय? माजी सैनिकांसाठीची अंशदायी आरोग्य योजना आपल्याकडे २००३ मध्ये सुरू झाली; नेपाळपर्यंत पोहोचायला तिला बरीच वर्षे लागली. आता काठमांडू, पोखरा आणि धरान येथे तिचे दवाखाने आहेत. तीनही ठिकाणे मध्य आणि पूर्व नेपाळात. दूर पश्चिमेकडील बझांग किंवा डोटीच्या म्हाताऱ्याने छातीत कळ आल्यावर काय करायचे? तेथून पोखराही जवळ नाही. आणि नावांच्या त्या घोळाचे काय? आमच्या वसाहतीतल्या मुलासारखी प्रकरणे किती असतील? जुन्या दप्तरांत कान्छी, माइली, जेठी अशी नावे नोंदलेल्या विधवांसाठी गावच्या प्रभागाचा दाखला आणि दोन साक्षीदार यांवर दुरुस्ती करून देणारे शिबिर जिल्हा सैनिक मंडळांत दरवर्षी भरविले, तर खर्च तो कितीसा येणार?

मी त्या मुलाला अर्ज लिहून दिले. एक पाठविला की तो दुसऱ्या कार्यालयाकडे धाडायला सांगत, दुसरा पाठविला की जोडपत्र अपुरे निघे. गावातल्या एका निवृत्त हवालदाराने प्रतिज्ञापत्र दिले, की हीच ती कान्छी, मी तिच्या लग्नाला होतो. मधल्या काळात आईने एक म्हैस विकली आणि मुलाने आमच्या शेजारच्या दोन इमारतींचाही पहारा धरला. दीड वर्षाने एका संध्याकाळी तो पेढे घेऊन आला. थकबाकीसह पैसे जमा झाले होते. आईने मला काही द्यावे म्हणून गावाहून डब्यात गाईचे तूप पाठविले होते; ते घेताना मला अवघडल्यासारखे झाले, कारण मी काय केले होते? माझ्या सरकारचे देणे माझ्या सरकारकडून मिळावे म्हणून चार अर्ज लिहिले, इतकेच. त्या दिवशी मी त्याला पहिल्यांदा त्याचे पूर्ण नाव विचारले.

माझी वेळ संपत आली आहे. श्रोत्यांपैकी काही निवृत्त लष्करी अधिकारी येथे बसलेले मला दिसत आहेत. माझ्या बोलण्यात तांत्रिक चूक झाली असेल तर त्यांनी ती दुरुस्त करावी. आता प्रश्न असतील ते घेऊ या.